बराकीतील भांडणे आणि संवादाचा सराव: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कारागृहातील बंद्यांना हिंसेशिवाय वाद सोडवायला शिकवता येते का, आणि येत असेल तर कसे, याविषयी या सदरात मागील अंकात लिहिले होते. त्यावर पुणे शहर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रे निवडून, काही ठिकाणी संक्षिप्त करून, येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न: मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका आहे. एका सामाजिक संस्थेने मला कारागृहात ‘अहिंसा आणि संवाद’ या विषयावर काही सत्रे घेण्याची विनंती केली आहे. संतवचने, प्रार्थना आणि येरवड्यात गांधीजी बंदिवान असतानाचे प्रसंग, विशेषतः १९३२ चे उपोषण आणि पुणे करार, अशी मांडणी मी मनाशी योजली आहे. ती योग्य ठरेल का? — निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर: आपण हे काम हाती घेत आहात याचा मनापासून आनंद झाला, म्हणूनच स्पष्ट लिहितो. व्याख्यानाची ही योजना बाजूला ठेवावी. कारागृहातील माणसाला उपदेशाची वाण नसते. पोलीस, वकील, न्यायाधीश, घरची वडीलधारी मंडळी आणि सणासुदीला येणारे पाहुणे असे सारेच त्याला ‘नीट वाग’ असे सांगत असतात. मारामारी वाईट असते हे ठाऊक नसलेला बंदी तेथे क्वचितच सापडेल. डोक्यात रागाची तिडीक उठल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत मारण्याखेरीज दुसरे काय करता येते, याचा सराव मात्र त्याला कोणी दिलेला नसतो. आपल्या सत्रांतून तो मिळावा.

या कामाचा एक मोठा प्रवाह कसा सुरू झाला ते येथे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगात सप्टेंबर १९७१ मध्ये बंद्यांचा उठाव झाला आणि तो मोडून काढण्यापर्यंतच्या घटनांत एकूण ४३ माणसे मेली. त्यानंतर चार वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच राज्यातील ग्रीन हेवन तुरुंगातल्या काही बंद्यांनी क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या कार्यकर्त्यांकडे मदत मागितली. गुन्ह्यांकडे वळणाऱ्या तरुण मुलांना हिंसेपासून परावृत्त करण्याचा त्यांचा प्रयत्न चालू होता आणि तो परिणामकारक कसा करावा हे त्यांना शिकायचे होते. त्यातून ‘अल्टरनेटिव्हज टू व्हायोलन्स प्रोजेक्ट’ हा उपक्रम उभा राहिला आणि पुढे अनेक देशांतील तुरुंगांत पोहोचला. मागणी बंद्यांकडून आली होती, आणि पुढे प्रशिक्षकही बंद्यांमधूनच तयार झाले, या दोन गोष्टींत त्या उपक्रमाचे बळ आहे असे मला वाटते. येणारे स्वेच्छेने येतात, शिकवणारेही वेतन न घेता येतात, सगळे वर्तुळात बसतात आणि साधारण तीन दिवस एकत्र काम करतात. कोणालाही बोलण्याची सक्ती नसते. एखाद्या सरावात भाग घ्यायचा नसेल तर ‘मी थांबतो’ एवढे म्हणणे पुरते.

त्यातील पहिलाच सराव आपल्यासारख्या भाषेच्या शिक्षिकेला आवडेल. प्रत्येकाने आपल्या नावाआधी त्याच अक्षराने सुरू होणारे एक चांगले विशेषण लावायचे आणि तीन दिवस सर्वांनी त्याला त्याच नावाने हाक मारायची: समजूतदार सचिन, दिलदार दिलीप, मेहनती महादेव. वरवर हा पोरखेळ वाटतो. पण बराकीत माणसाला बहुधा त्याच्या व्यंगावरून, गावावरून किंवा गुन्ह्याच्या कलमावरून हाक मारली जाते. अशा ठिकाणी पन्नाशीचा माणूस स्वतःसाठी एक चांगला शब्द शोधताना बराच वेळ अडतो, आणि शेवटी शेजारी बसलेला त्याला तो सुचवतो, तेव्हा पुढच्या कामाची सुरुवात झालेली असते.

त्यानंतर प्रसंग उभे करावेत, आणि ते तेथल्याच जगण्यातले असावेत. पंख्याखालची जागा, सकाळी नळावरची रांग, फोनची पाळी, कॅन्टीनमधून आणलेल्या बिस्किटांच्या पुड्याची उसनवारी, मुलाखतीला कोणीच आले नाही त्या दिवशी शेजाऱ्याने केलेली थट्टा, हे विषय घ्यावेत. दोघांनी भांडण करून दाखवावे, ऐन भरात आल्यावर आपण ‘थांबा’ म्हणावे, आणि दोघांना एकमेकांच्या जागी उभे करून तेच भांडण पुन्हा सुरू करायला सांगावे. मग पाहणाऱ्यांना विचारावे की कोणत्या वाक्यानंतर प्रकरण हाताबाहेर गेले. ते वाक्य पाहणारे नेमके ओळखतात, आणि बहुतेक वेळा ते आई-बहिणीवरून दिलेल्या शिवीपेक्षाही ‘तुझ्यात दम आहे का’ अशा, चार लोकांसमोर दिलेल्या आव्हानाचे असते. तेथून पुढची चर्चा आपल्याला चालवावी लागत नाही.

संतवचनांविषयी एवढेच सांगतो की ती बंद्यांकडून आली तर अवश्य घ्यावीत. अभंग पाठ असणारी आणि भजन सुरेख म्हणणारी माणसे तेथे असतात. दुर्जनांनी वाईट वृत्ती सोडावी अशी प्रार्थना बाहेरून आलेल्या व्यक्तीने त्यांच्यापुढे म्हटली, तर दुर्जन कोण हे न बोलताच ठरून जाते.

पुणे कराराचा प्रसंग घेताना विशेष सावध असावे. २० सप्टेंबर १९३२ रोजी सुरू झालेले उपोषण आणि २४ सप्टेंबरचा करार यांकडे अहिंसक मार्गाचा विजय म्हणून पाहणारे जसे आहेत, तसे त्या उपोषणाने डॉ. आंबेडकरांवर आणि अस्पृश्य समाजावर आलेल्या दडपणाची जाणीव ठेवणारेही आहेत, आणि बाबासाहेबांनी स्वतः पुढे या कराराविषयी अतिशय कठोर शब्दांत लिहिले आहे. आपल्यासमोरच्या वर्तुळात दोन्ही बाजूंची माणसे बसलेली असतील. सत्रे रुळल्यानंतर ‘शस्त्र न उचलताही समोरच्याला कोंडीत पकडता येते का’ या प्रश्नासाठी हा प्रसंग घेता येईल. पहिल्या दिवशी, तयार उत्तरासह, तो सांगू नये.

आणखी एक सूचना पहिल्या दिवशी सर्वांना स्पष्टपणे द्यावी. आपल्या देशातील कारागृहांत सुमारे तीन चतुर्थांश बंदी न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा खटला अद्याप संपलेला नाही. त्यांनी चालू खटल्यातील घटनेविषयी सत्रात काहीही बोलू नये. पोलिसांखेरीज अन्य व्यक्तीजवळ दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून मांडली जाऊ शकते, आणि ‘येथील बोलणे येथेच राहील’ हे आपले आश्वासन त्या प्रसंगी कायद्यापुढे टिकणार नाही. बालपणीचे, शाळेतले किंवा बराकीतले भांडण सरावाला पुरेसे असते. गट वीस जणांपेक्षा मोठा नसावा, सोबत दुसरा प्रशिक्षक असावा, आणि कारागृह प्रशासनाची लेखी परवानगी सर्व दिवसांसाठी आधीच घेतलेली असावी, कारण मध्येच खंड पडला तर बसलेला विश्वास पुन्हा बसवणे फार अवघड जाते.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ वर्षभरापासून न्यायाधीन बंदी आहे. त्याने आत अशाच एका वर्गाला जायला सुरुवात केली. गेल्या मुलाखतीत त्याने सांगितले की नळावर एकाने त्याला ढकलले, कानाखाली मारली, आणि वर्गात शिकवल्याप्रमाणे याने हात उचलला नाही. तेव्हापासून सगळे त्याला भित्रा समजतात आणि त्याचे जेवणही काढून घेतात. हे शिक्षण त्याला दुबळे तर करीत नाही ना? — एक बहीण, बिबवेवाडी

उत्तर: ताई, आधी त्याच्या सुरक्षिततेचे पाहू. ही गोष्ट तोंडी सांगून थांबू नका. कारागृह अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात बराक बदलून देण्याची विनंती करा. वकिलांना सांगा, पुढील तारखेला ते हे न्यायालयाच्या निदर्शनास आणू शकतात. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अर्जात मारणाऱ्याचे नाव घालावे की नाही हे मात्र भावाला विचारून ठरवा, कारण त्याचे परिणाम त्याला आत सोसायचे आहेत. तक्रार करणे हा हिंसेशिवाय वाद सोडवण्याचाच एक मार्ग आहे, हेही त्याला आपल्या तोंडून कळू द्या.

आता आपल्या मूळ प्रश्नाविषयी. ‘हात उचलू नकोस’ एवढेच शिकवून जो वर्ग थांबतो तो अर्धवट आहे, आणि कारागृहात अर्धवट शिक्षण धोक्याचे ठरते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. गप्प राहून मार खाणे म्हणजे अहिंसा, अशी समजूत आपल्याकडे फार खोलवर आहे. पण ज्याला आपले म्हणणे ठामपणे मांडता येत नाही, त्याच्यापुढे मार खाणे किंवा मारणे एवढेच दोन पर्याय उरतात. नळावरच्या प्रसंगात तिसरा पर्याय कसा दिसेल ते पाहा. दोन पावले मागे सरून, हात खाली पण मोकळे ठेवून, समोरच्याच्या डोळ्यांत रोखून न पाहता, सर्वांना ऐकू जाईल अशा पण न चढवलेल्या आवाजात एकच वाक्य म्हणायचे: ‘माझा नंबर होता. तुम्हाला घाई असेल तर सांगा, मी देतो; पण हात लावायचा नाही.’ यात माघार आहे, पण ती त्याने स्वतः दिलेली आहे, आणि हद्दही आखलेली आहे. समोरच्यालाही चार लोकांत मान न गमावता बादली भरून निघून जाण्याची वाट मिळते. बराकीतली बहुतेक भांडणे बघ्यांसाठी चालतात. म्हणून खरे बोलणे त्याच वेळी करायचे नसते. ते संध्याकाळी, बघे नसताना, आणि शक्य असेल तर दोघेही ज्याचा शब्द मानतात अशा एखाद्या जुन्या बंद्याला मध्ये घेऊन करायचे असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी मांडलेली चार पायऱ्यांची संवादपद्धती अनेक वर्गांत शिकवतात: काय घडले ते दोष न देता सांगणे, त्यामुळे आपल्याला काय वाटले ते सांगणे, आपली गरज सांगणे आणि मग स्पष्ट विनंती करणे. पद्धत चांगली आहे. पण बराकीत, प्रतिस्पर्ध्यासमोर, ‘मला वाईट वाटले, भीती वाटली’ ही दुसरी पायरी मोठ्याने बोलून दाखवणे शहाणपणाचे नाही, असे माझे मत आहे. ती मनात ओळखावी; बोलताना घटना आणि मागणी एवढेच बोलावे. ‘तू नेहमी माझी भाकरी पळवतोस’ असे म्हणण्याऐवजी ‘काल आणि आज माझ्या ताटातली भाकरी गेली. उद्यापासून माझे ताट माझ्यापाशीच राहील’ असे म्हणावे. भावाच्या प्रशिक्षकांना हा सराव मुद्दाम घ्यायला सांगावे; तसा निरोप भाऊच देऊ शकेल.

मुलाखतीच्या थोड्या मिनिटांत आपल्या हातीही काही आहे. घरचे लोक काळजीने ‘कोणाचे ऐकून घेऊ नकोस’ किंवा ‘मुकाट सहन कर’ असे सांगतात, आणि तो पुढचे कित्येक दिवस ते वाक्य उशाशी घेऊन झोपतो. त्याऐवजी ‘तू काय केलेस, आणि पुन्हा तसे झाले तर काय म्हणशील’ असे विचारा आणि त्याला बोलू द्या. हात न उचलण्यासाठी किती धीर लागतो हे बाहेरच्या कोणीतरी ओळखले आहे, हे त्याला कळणे फार गरजेचे आहे.

प्रश्न: माझ्या पुतण्यावर भर रस्त्यात कोयत्याने वार झाले. तो वाचला, पण त्याचा उजवा हात पूर्वीसारखा चालत नाही. ज्यांनी हे केले त्यांना वर्तुळात बसवून ‘दिलदार’ म्हणायचे, आणि आमच्याकडे कोणी फिरकायचेही नाही, हा कोणता न्याय? — एक वाचक, हडपसर

उत्तर: आपला राग योग्य आहे, आणि तो शमवण्याचा प्रयत्न मी करणार नाही. पीडितांकडे दुर्लक्ष होते हे खरे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ अन्वये पीडितांसाठी नुकसानभरपाईची योजना आहे आणि तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. हल्लेखोरांना शिक्षा होण्याची वाट त्यासाठी पाहावी लागत नाही. आपण तो केला नसेल तर अवश्य करावा.

या शिक्षणामुळे कोणाची शिक्षा कमी होऊ नये, असे माझेही मत आहे. वार करणाऱ्यांपैकी बहुतेक जण एक ना एक दिवस सुटून आपल्याच वस्त्यांत परततात. त्या दिवशी त्यांच्यापाशी आत जातानाचाच राग आणि आत मिळालेली नवी संगत एवढेच असावे, की रस्त्यावर कोणी डिवचल्यावर थांबण्याची सवयही असावी, हा प्रश्न आपल्या पुतण्याच्या वयाच्या प्रत्येक मुलाशी संबंधित आहे. आणि कोणी आपल्याकडे ‘त्याला भेटा, त्याला माफ करा’ असा आग्रह घेऊन आले तर नकार देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. अशी भेट पीडिताच्या इच्छेनेच, आणि तिची रीतसर पूर्वतयारी झाल्यानंतरच व्हावी.

प्रश्न: मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. प्रबंधासाठी हा विषय घ्यायचा आहे. अशा वर्गांचा उपयोग होतो हे सिद्ध कसे करावे? विपश्यनेच्या शिबिरांपेक्षा हे वेगळे कसे? — विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर: ‘सिद्ध करावे’ असे ठरवून निघू नका, ‘तपासावे’ असे ठरवा. पहिली अडचण अशी की वर्गाला स्वेच्छेने येणारा माणूस बदलाच्या तयारीतच आलेला असतो. त्याची तुलना न आलेल्यांशी केली तर श्रेय वर्गाला जाते आणि खरे कारण निसटते. जागांपेक्षा अधिक बंद्यांनी नावे दिली असतील तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना आता आणि उरलेल्यांना पुढच्या खेपेला प्रवेश द्यावा, आणि मधल्या काळात दोन्ही गटांची तुलना करावी. दुसरी अडचण नोंदींची आहे. बराकीतली पुष्कळ भांडणे कागदावर येतच नाहीत, म्हणून शिस्तभंगाच्या नोंदींबरोबरच बंद्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या मुलाखतीही घ्याव्यात. तिसरी म्हणजे, हजेरीच्या प्रमाणपत्राचा संबंध शिक्षेतील माफीशी किंवा रजेशी जोडला गेला की स्वेच्छा उरत नाही. तसे आहे का हे आधी पाहावे.

विचार आणि वर्तन या दोहोंवर आखीव पद्धतीने काम करणारे कार्यक्रम नीट राबवले तर पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण घटते, असे परदेशांतील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. ज्यांच्याकडून पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता जास्त मानली जाते त्यांना अशा कार्यक्रमांचा लाभही अधिक होतो, असेही त्यांत आढळले. आपल्याकडे मात्र ‘चांगल्या वर्तणुकीचे’ बंदी निवडून पाठवण्याची प्रवृत्ती असते, आणि आपल्या प्रबंधात तपासण्याजोगा हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे असे मी म्हणेन.

विपश्यनेचे पहिले कारागृह शिबिर सत्यनारायण गोएंका यांनी १९७५ मध्ये जयपूरला घेतले, आणि एप्रिल १९९४ मध्ये तिहारमध्ये हजारावर बंदी एका शिबिरात बसले. तेथे माणूस मौनात, एकट्याने, आपल्या मनात उठणारे तरंग पाहायला शिकतो. वाद सोडवण्याच्या वर्गात तो दुसऱ्याच्या समोर, बोलता बोलता शिकतो. दोहोंत विरोध नाही, पण एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

प्रश्न: मी कारागृहात शिपाई आहे. कैद्यांना तीन तीन दिवस संवाद शिकवतात. आम्ही दिवसभर शिव्या ऐकतो, बंदोबस्त करतो, माणसे कमी आणि गर्दी दुप्पट. आम्हाला कोण शिकवणार? — एक कर्मचारी, येरवडा

उत्तर: आपला प्रश्न या सर्व पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटला. येरवडा मध्यवर्ती कारागृहात मंजूर क्षमतेच्या दुपटीहून अधिक बंदी असल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. झोपायला जागा अपुरी, नळ मोजके आणि संध्याकाळच्या टाळाबंदीनंतर सकाळपर्यंत सगळे एकाच बराकीत कोंडलेले, अशा स्थितीत होणारी भांडणे केवळ स्वभावदोषातून होत नाहीत. ती जागेच्या आणि पाण्याच्या टंचाईतून होतात आणि त्यांचा पहिला आघात आपल्यासारख्या कर्मचाऱ्यावर होतो. त्यामुळे बंद्यांना संवाद शिकवताना कर्मचाऱ्यांना वगळणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही. वर्गात शांतपणे बोलायला शिकलेला बंदी दुसऱ्या दिवशी आपल्याशी तसे बोलू लागला आणि त्याला ‘फार शहाणा झालास’ असे ऐकावे लागले, तर वर्ग तेथेच संपतो.

राज्यातील तुरुंग अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे दौलतराव जाधव महाविद्यालय येरवड्यातच आहे. शिपायांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांसाठी तणाव निवळवण्याच्या सरावाचे नियमित वर्ग तेथे भरावेत, अशी मागणी आपण वरिष्ठांमार्फत करावी, आणि बाहेरून येणाऱ्या संस्थांनीही बंद्यांच्या वर्गासोबत कर्मचाऱ्यांचा वर्ग घेण्याची तयारी दाखवावी. सुरुवातीला शिपायांचा गट वेगळा ठेवावा. साहेबांसमोर मोकळेपणाने बोलणे होत नाही.

तोवर आपल्याला लगेच करता येईल असे सांगतो. दोघे भिडले की त्यांना सोडवून त्याच जागी जाब विचारू नये; बघ्यांपासून दूर नेऊन दोघांचे वेगवेगळे ऐकावे. ऐकल्यावर ‘म्हणजे तुझे म्हणणे असे की तुझे अंथरूण दाराकडे सरकवले’ असे त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवावे. एवढ्यानेही आवाज खाली येतो. तडजोड दोघांच्या तोंडून वदवून घ्यावी: कोणाचे अंथरूण कोठे, नळावर कोण आधी. ती पुढच्या पाळीच्या सहकाऱ्याला सांगून ठेवावी, नाहीतर रात्री तेच भांडण नव्याने उभे राहते. दोन दिवसांनी जाता जाता दोघांना पुन्हा एकदा विचारावे. जखम झाली असेल, हत्यार निघाले असेल किंवा एखाद्यावर टोळीने दबाव येत असेल, तर मात्र तडजोडीत पडू नये. वैद्यकीय तपासणी, नोंद आणि वरिष्ठांना कळवणे हे त्याच वेळी व्हायला हवे.